अभिलेखपाल, शासकीय

अभिलेखपाल, शासकीय : शासनाच्या दैनंदिन कामकाजातून निर्माण होणारी कागदपत्रे ताब्यात घेऊन त्यांचे वर्गीकरण, सूचीकरण व जतन करणारा आणि मागणी होताच ती उपलब्ध करून देणारा सेवक वा अधिकारी. या कार्याचे दोन टप्पे आहेत. चालू व नुकत्याच निकालात निघालेल्या कागदांची व्यवस्था कार्यालयाच्या अभिलेख कक्षात होते. तेथील कर्मचाऱ्यास सामान्यतः अभिलेखपाल, तर या संपूर्ण व्यवस्थेला अभिलेख व्यवस्थापन म्हणतात. ज्या कागदांचे प्रशासकीय प्रयोजन संपले, परंतु ज्यांचे मूल्य कायम आहे, ते पुराभिलेखागाराकडे जातात व त्यांची जबाबदारी पुराभिलेखाधिकाऱ्यावर येते. जुन्या मराठीत या स्थानास ‘दप्तरखाना’ व तेथील प्रमुखास ‘दप्तरदार’ म्हणत. प्रस्तुत नोंदीत या सेवेचे स्वरूप मुख्यतः बीड जिल्ह्याच्या संदर्भात मांडले आहे. फार्सी, उर्दू, मोडी व देवनागरी अशा चारही परंपरांचे कागद तेथे एकत्र आढळतात. एका सामान्य नोंदीवर नागरिकाचा हक्क कसा अवलंबून असतो, याचाही प्रत्यय या जिल्ह्यात अलीकडे आला आहे.

पूर्वपीठिका : मराठेशाहीत हिशेब व पत्रव्यवहार यांचे कागद फडावर ठेवीत. पेशव्यांच्या हुजूर दप्तराचे ‘चालते दप्तर’ व ‘एकबेरीज दप्तर’ असे भाग होते. कागद कापडी चौकोनात बांधून ठेवण्याच्या प्रथेमुळे ‘रुमाल’ हे मोजणीचे एकक रूढ झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा रुमालांची संख्या चाळीस हजारांच्या घरात आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी हे दप्तर राखले, ते इतिहासासाठी नव्हे. इनामे, वतने व नेमणुका यांचे दावे तपासण्यासाठी त्यांना ते हवे होते. १८५२ च्या इनाम कमिशनच्या काळात त्याचा मोठा उपयोग झाला. संशोधकांस ते खुले होण्यास त्यानंतर दीर्घ काळ लागला. गो. स. सरदेसाई यांनी या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. मुंबईत शासकीय दप्तराची स्वतंत्र व्यवस्था १८२१ मध्ये सुरू झाली. आजचे महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय तिचाच वारसा चालविते. केंद्रीय पातळीवर ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास इंपीरिअल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले व जी. डब्ल्यू. फॉरेस्ट हे त्याचे पहिले अधिकारी झाले. स्वातंत्र्यानंतर त्याचे नाव राष्ट्रीय अभिलेखागार असे झाले. भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोग १९१९ मध्ये नेमण्यात आला.

निजामाच्या राज्यात ही परंपरा निराळ्या वाटेने गेली. तेथील महसुली दप्तरे मुख्यतः ‘दफ्तर-इ-दिवानी’ व ‘दफ्तर-इ-माल’ या दोन कचेऱ्यांत असत आणि त्यांची प्रमुखपदे वंशपरंपरागत होती. पहिली रायरायाँ या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे, तर दुसरी मालवाला या कायस्थ घराण्याकडे होती. दप्तर ठेवणे हे तेव्हा वतनच होते. कागदांची भाषा, हिशेबाच्या खुणा व बांधणीचा क्रम यांचे ज्ञान पित्याकडून पुत्राकडे जाई. पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३–८३) प्रशासनाची पुनर्रचना झाली. १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर जिल्हा व तालुका कचेऱ्यांची रचना स्थिरावत गेली आणि दप्तर सांभाळणारा वतनदार मागे पडून पगारी सेवक पुढे आला.

बीड जिल्ह्यातील अभिलेख : बीडचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाड्यासह हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. प्रत्येक राजकीय बदलाबरोबर राज्यकारभाराची भाषा, कायदे व नोंदवह्यांचे नमुने बदलले. परंतु जुने कागद त्याच गावांविषयी बोलत राहिले. परिणामतः एकाच शेताचा पूर्वेतिहास पाहू जाता अनेक थर ओलांडावे लागतात.

सर्वांत जुन्या थरातील फार्सी कागद आज बव्हंशी जिल्ह्याबाहेर आहेत. मोगलांच्या दक्षिण सुभ्यांचे शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातील कागद औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये होते. ते पुढे हैदराबादेस नेण्यात आले व आता तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. ‘इनायत जंग संग्रह’ या नावाने ओळखला जाणारा लाखाहून अधिक कागदांचा दख्खनी संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत फार्सीची जागा उर्दूने घेतली, म्हणून त्यानंतरचे तालुका व जिल्हा कचेरीतील आदेश उर्दूत आहेत. गावपातळीवर मात्र पटवारी आपले हिशेब मोडीत लिहीत असे. एकाच प्रकरणात गावचा मोडी उतारा, तहसिलीचा उर्दू शेरा आणि १९५० नंतरचा देवनागरी वा इंग्रजी निर्णय एका दोऱ्यात ओवलेला सापडतो.

जिल्ह्यात राहिलेल्या कागदांपैकी पुढील विशेष महत्त्वाचे होत : जमिनीच्या मोजणीचे व आकारणीचे शेतवार पत्रक, प्रत्यक्ष वहिवाट दर्शविणारे खासरा व पाहणी पत्रक, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खालील संरक्षित कुळांच्या नोंदवह्या, आणि इनाम चौकशीनंतर दिलेले ‘मुंतखब’ म्हणजे अतियात खात्याचे निर्णयपत्र. देवस्थाने, दर्गे व मशिदी यांच्या सेवा-इनाम जमिनींच्या वादात मुंतखबाचे स्थान निर्णायक असते. यांखेरीज दुय्यम निबंधकाकडील दस्तांच्या नोंदी, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, पोलीस व तुरुंग यांची रजिस्टरे आणि १९५१ च्या जनगणनेच्या माहितीवरून तयार झालेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर हे निरनिराळ्या खात्यांच्या ताब्यात आहेत.

या कागदांवरील कालनिर्देश हाही एक स्वतंत्र अभ्यासाचा भाग आहे. निजामी अमलात फसली सन चालत असे व त्याचे वर्ष आजूर महिन्याच्या आरंभी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. फसली सनाच्या आकड्यात ५९० मिळविले असता ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. उदा., १३५५ फसली म्हणजे १९४५-४६. जहागिरी रद्द करणारा हैदराबादचा विनियम ‘१३५८ फसली’ या नावाने ओळखला जातो. तो ऑगस्ट १९४९ मधील आहे. हा हिशेब न जाणणाऱ्यास एकाच कुटुंबातील दोन कागदांचा पूर्वापर क्रमही लावता येत नाही.

कार्ये : निकाली निघालेले प्रकरण शाखेकडून अभिलेख कक्षात येते, तेव्हा अभिलेखपालाचे काम सुरू होते. महाराष्ट्रातील कार्यालयांत कागद ठेवण्याची ‘सहा गठ्ठे पद्धती’ प्रचलित आहे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाची प्रकरणे आणि नाश करावयाचे कागद असे हे सहा गठ्ठे होत. पाचव्या गठ्ठ्यातील प्रकरणे वर्गवार बांधून ठेवली जातात. ‘अ’ वर्गातील कागद कायम, ‘ब’ वर्गातील तीस वर्षे, ‘क’ वर्गातील दहा वर्षे, ‘क-१’ वर्गातील पाच वर्षे आणि ‘ड’ वर्गातील एक वर्ष ठेवावयाचे असतात. प्रत्येक गठ्ठ्यावर तालुका, गाव, विषय, वर्ष व नाशाचे वर्ष लिहिलेली चिठ्ठी लावतात. मांडणीवरील त्याचे स्थान नोंदवहीत दाखवितात. बाहेर दिलेल्या संचिकेच्या जागी पोच ठेवली जाते, म्हणजे ती कोणाकडे व केव्हा गेली हे कळते. शेकडो गठ्ठ्यांत एक संचिका चुकीच्या फळीवर ठेवली गेली, तर ती नष्ट झाल्यासारखीच असते.

मांडणीचे मूलतत्त्व असे, की कागद ज्या कचेरीत व ज्या क्रमाने निर्माण झाले, तो क्रम मोडू नये. विषयवार नवी जुळणी सोयीची वाटली, तरी तिच्यामुळे कागदाचा संदर्भ तुटतो. एखाद्या गावच्या नोंदवहीतील सुटे पान स्वतंत्रपणे फार थोडे सांगते. त्याच्या मागील व पुढील पानांवरून हस्ताक्षर, शाई व अनुक्रम यांची संगती लागते आणि नंतर घुसविलेली नोंद ओळखू येते.

दुसरे महत्त्वाचे कार्य नक्कल देण्याचे. प्रमाणित नक्कल न्यायालयात मूळ कागदाच्या पुराव्यादाखल ग्राह्य धरली जाते. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आलेला असेल, तर तो खरा असल्याचे गृहीत धरण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याने न्यायालयास दिली होती व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. ‘योग्य ताबा’ या दोन शब्दांत अभिलेखपालाच्या सेवेचे सार आले आहे. ताब्याची साखळी तुटली, तर कागद राहतो. पण त्याची विश्वसनीयता जाते.

मूल्यनिर्धारण : कोणते कागद ठेवावे व कोणते नष्ट करावे, हा या व्यवसायातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. ब्रिटिश अभिलेखतज्ज्ञ हिलरी जेंकिन्सन यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मत मांडले, की निवड करणे हे अभिलेखपालाचे काम नव्हे. त्याने मिळालेले कागद निष्ठेने राखावे. अमेरिकन तज्ज्ञ टी. आर. शेलेनबर्ग यांनी १९५६ मध्ये याच्या विरुद्ध भूमिका घेतली. आधुनिक शासन इतका कागद निर्माण करते, की निवड अटळ आहे, असे त्यांचे म्हणणे. कागद ज्या कामासाठी निर्माण झाला ते त्याचे प्राथमिक मूल्य आणि ते काम संपल्यानंतर इतरांच्या दृष्टीने उरणारे ते दुय्यम मूल्य, असा भेद त्यांनी केला. वर्गवारीनुसार ठरावीक मुदतीने नाश करण्याची आपली पद्धती निवड अटळ आहे हे मान्य करूनच चालते.

दुय्यम मूल्य आधी ओळखता येतेच असे नाही, याचे ठळक उदाहरण मराठवाड्यात घडले. मराठा समाजातील ज्या व्यक्तींच्या पूर्वजांची नोंद कुणबी म्हणून आढळेल, त्यांना प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा दिनांक निर्णायक असल्याने त्यापूर्वीचे कागद शोधणे क्रमप्राप्त झाले. शोधाच्या यादीत महसूल व भूमी अभिलेख यांच्या पत्रकांबरोबरच गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची रजिस्टरे, उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्या, कच्च्या कैद्यांची रजिस्टरे, अटक पंचनामे, भाडेचिठ्ठ्या, बटाईपत्रे, दत्तकपत्रे आणि शासकीय सेवकांची सेवापुस्तके यांचाही समावेश होता. ताडीची नोंदवही लिहिणाऱ्या कारकुनास कर वसूल झाला की नाही, एवढ्याशीच कर्तव्य होते. त्याच्या वहीतील नाव व जात यांवर दोन-तीन पिढ्यांनंतर कोणाचे शिक्षण वा नोकरी अवलंबून राहील, हे त्याला दिसणे शक्य नव्हते.

बीडसह मराठवाड्यातील जिल्ह्यांत तहसिलींचे अभिलेख कक्ष त्या काळात उघडले गेले, मोडी व उर्दू वाचकांची मदत घेण्यात आली आणि हैदराबाद येथील अभिलेखांतही शोध झाला. मराठवाड्यात सापडलेल्या नोंदी विदर्भाच्या तुलनेने फारच थोड्या होत्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील माहिती विचारात घेण्याची कार्यपद्धती ठरविण्यात आली. या मागणीवर समाजात तीव्र मतभेद आहेत. त्यांचा निर्णय देणे हे अभिलेखपालाचे काम नव्हे. मात्र पुराव्याविषयीचे दोन भेद स्पष्ट ठेवणे त्याचे कर्तव्य होय. पहिला असा, की गॅझेटियर वा जनगणनेचे कोष्टक समूहाची संख्या सांगते, व्यक्तीचे नाव सांगत नाही. नोंदवही व्यक्तीचे नाव सांगते. दुसरा असा, की नोंद न सापडणे म्हणजे ती केव्हाही नव्हती असे नव्हे. वही फाटली असेल, अन्य कचेरीत गेली असेल किंवा ती वाचणारा मिळाला नसेल. म्हणून शोधाच्या अहवालात काय सापडले याबरोबरच काय तपासले व काय तपासता आले नाही, हेही लिहिले पाहिजे.

लिपिज्ञान : मराठवाड्यातील अभिलेखपालापुढील खरी अडचण जागेची किंवा कपाटांची नसून वाचनाची आहे. मोडी लिपी हात न उचलता लिहिली जाते. तिच्यात ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाही आणि नावे, पदे व मापे यांचे संक्षेप विपुल असतात. एखाद्या संक्षेपाचा अर्थ त्या विशिष्ट वहीतील प्रघातावरूनच लावावा लागतो. दुसऱ्या गावचा नियम येथे लावल्यास चूक होते. उर्दू कागद बहुधा शिकस्ता वळणात, म्हणजे नुक्ते गाळून व अक्षरे जोडून लिहिलेले असतात. जुन्या हिशेबातील रकमा पुष्कळदा अंकांत नसून ‘सियाक’ या अरबी संख्यावाचक शब्दांवरून बनलेल्या खुणांत मांडलेल्या आढळतात. शाळेतून मोडी गेली आणि १९५० नंतर मराठवाड्यातील कचेऱ्यांतून उर्दूही मागे पडली, त्यामुळे हे वाचन पिढीबरोबर ओसरत गेले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालविते. परंतु मोडी, शिकस्ता व सियाक ही तिन्ही जाणणारी व्यक्ती दुर्मिळ आहे. न वाचता येणारा कागद सुरक्षित असूनही नागरिकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच होय.

जतन : दख्खनमध्ये वापरात असलेला हातकागद, उदा., दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचा, चिंध्यांच्या लगद्यापासून होई व तो टिकाऊ असे. विसाव्या शतकातील यंत्रनिर्मित कागदात लाकडाचा लगदा व आम्लांश असल्याने तो पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यामुळे अठराव्या शतकातील रुमाल सुस्थितीत, तर १९५० च्या सुमारची नोंदवही मोडकळीस, असे विपरीत दृश्य आढळते. बीडच्या कोरड्या हवेत बुरशीचा उपद्रव तुलनेने कमी असतो. परंतु कडक उन्हाळा, धूळ, कसर व वाळवी हे शत्रू कायम आहेत. पुराभिलेखागारात २२° ते २५° से. तापमान व ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता इष्ट मानतात. तालुक्याच्या कक्षात ती राखणे शक्य नसले, तरी गठ्ठे भिंतीपासून दूर ठेवणे, छताची गळती थांबविणे, धूळ झाडणे व विजेच्या तारा सुस्थितीत ठेवणे हे अल्पखर्चाचे उपाय परिणामकारक ठरतात. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक खात्यांच्या संचिका जळाल्या. आगीचा धोका केवळ जुन्या इमारतींपुरता नाही, हे त्यावरून दिसून आले.

छायाप्रती व संगणकीय प्रती यांमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते व शोध सुलभ होतो. तथापि प्रत घेतली म्हणून मूळ नष्ट करता येत नाही, कारण शाई, कागद व खाडाखोड यांची तपासणी मुळावरच होते. शिवाय ज्या सूचीच्या आधारे प्रत शोधावयाची, ती करणाऱ्यास लिपी वाचता आली नसेल, तर चित्र उपलब्ध असूनही नोंद सापडत नाही.

शिक्षण व सेवामार्ग : या क्षेत्रात प्रवेशाच्या दोन वाटा आहेत. जिल्हाधिकारी, तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांतील अभिलेखपाल हा सामान्यतः लिपिकवर्गीय सेवक असतो. त्याची नेमणूक बदलीने होते, स्वतंत्र शिक्षणाची अट बहुधा नसते आणि काम हळूहळू अंगवळणी पडू लागते तोच पुढील बदली होते. ही जागा दुय्यम मानण्याची प्रवृत्ती जुनी आहे. दुसरी वाट पुराभिलेख संचालनालयाची. त्याचे मुख्यालय मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असून पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे त्याची कार्यालये आहेत. बीडसाठी शेवटचे जवळचे होय. येथील तांत्रिक पदांसाठी इतिहासाचे उच्च शिक्षण, मोडी वा फार्सीचे ज्ञान व अभिलेखशास्त्राचे प्रशिक्षण उपयुक्त ठरते. राष्ट्रीय अभिलेखागार या विषयाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालविते.

या सेवेतून काही थोर संशोधक पुढे आले. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी गोव्याच्या दप्तरखान्याची सूत्रे १९३० च्या सुमारास हाती घेतली व १९६१ पर्यंत तेथील पोर्तुगीज व मराठी कागदांची व्यवस्था लावून ते प्रकाशात आणले. मुंबईच्या पुराभिलेख विभागाचे संचालक पु. म. जोशी हे मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाचे मान्यवर अभ्यासक होते. दोघांच्याही संशोधनाचा पाया त्यांनी स्वतः लावलेल्या दप्तरात होता. तालुक्याच्या कक्षात आयुष्य घालविणाऱ्या अभिलेखपालाचे नाव मात्र ग्रंथात येत नाही. त्याची नोंद नकलेखालील सहीपुरती राहते.

कायदा व नीती : फ्रान्सने १७९४ मध्ये कायद्याने नागरिकांस शासकीय अभिलेख पाहण्याचा हक्क दिला, ब्रिटनमध्ये पब्लिक रेकॉर्ड ऑफिस १८३८ मध्ये स्थापन झाले. भारतात सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ मध्ये झाला. त्यानुसार १८९२ पूर्वीचा कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही आणि बेकायदा नाशास पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राज्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदा आहे. अभिलेख निर्माण करणाऱ्या कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा, ही या कायद्यांतील मध्यवर्ती तरतूद होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नेही प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित ठेवण्याचे बंधन घातले आहे. ‘कागद सापडत नाही’ हे उत्तर त्यामुळे केवळ अडचणीचे निवेदन राहत नाही. ते कायदेशीर कर्तव्यातील उणिवेची कबुली ठरू शकते.

जुन्या नोंदीला लाभाचे मोल आले, की तिच्यात फेरफार करण्याचा मोहही वाढतो. कोरी जागा भरणे, अक्षर गिरवून बदलणे, पान काढणे हे प्रकार टाळण्यासाठी पृष्ठांकन, पृष्ठसंख्येचा दाखला, पाहणाऱ्यांची नोंद आणि समक्ष तपासणी हे नियम पाळावे लागतात. अर्जदार प्रतिष्ठित असो वा भूमिहीन, त्यास तीच वही, त्याच अटींवर आणि तितक्याच वेळात दाखविणे हा या सेवेचा पहिला नीतिनियम आहे. मोडी व उर्दू वाचणारे सेवक तयार करणे, त्यांना अभिलेख कक्षात पुरेसा काळ राहू देणे आणि नाशाची यादी करण्यापूर्वी तीवर जाणकाराची नजर फिरविणे, या तीन गोष्टींवर मराठवाड्यातील अभिलेखांचे भवितव्य मुख्यतः अवलंबून आहे.